बारावं गाव

आमच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागायचं. धूळ आत जाऊ नये म्हणून, असं प्राचार्य सांगायचे. मग दसऱ्याला त्याच यंत्राला हळद-कुंकू लावून झेंडूचा हार घालायचे तेव्हा धूळ कुठं जायची, देव जाणे. परभणीत तेव्हा असली यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. आमच्याकडं एक होतं. वीज असली की चालायचं, आणि वीज असायची तेव्हा नेमका कुणीतरी क्लार्क त्यावर प्राचार्यांचं पत्र टाइप करत बसलेला असायचा.

मी तिथं संख्याशास्त्र शिकवायचे. वय बत्तीस, लग्न झालेलं नाही, एम.फिल.चा प्रबंध अर्धा. ही गोष्ट नव्वदनंतरच्या एका कोरड्या उन्हाळ्याची. मी ती आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही. लोक विचारायचे, मायला काय झालं होतं, मी म्हणायचे पडली. पडली हे खरंच आहे.

आधी प्रबंधाचं सांगते, कारण सगळी मेख तिथंच आहे. काही कोडी सांगायला सोपी असतात आणि सोडवायला जन्म जातो. उदाहरणार्थ, जिल्ह्याचा नकाशा तीन रंगांत रंगवा, शेजारच्या दोन तालुक्यांना एकच रंग नको. किंवा परीक्षेचं वेळापत्रक असं लावा की कुठल्याच पोराचे दोन पेपर एका वेळी येऊ नयेत. पाच पेपर असले तर कुणीही लावतो. पन्नास झाले की डोकं धरून बसायची पाळी. अशा एकेका कोड्यासाठी लोक एकेक युक्ती शोधत बसतात. माझं म्हणणं असं होतं की कोडं सोडवायच्या भानगडीत पडायचंच नाही. त्याचं भाषांतर करायचं. कुठलंही कोडं घ्या आणि तीन प्रश्नांत मांडा. आत्ता काय आहे? काय काय करता येतं, ते करायला आधी काय लागतं आणि केल्यावर काय बदलतं? शेवटी काय पाहिजे? एवढं लिहिलं की पुढं एकच प्रोग्रॅम सगळ्यांना पुरतो. तो या पायरीनंतर ती पायरी असं चाचपत जातो आणि आहे तिथून पाहिजे तिथपर्यंतची योजना छापून देतो. नाहीतर छापतो, योजना नाही. त्याला तालुका म्हणजे काय, पेपर म्हणजे काय, काडीचं कळत नाही. कळायची गरजही नसते.

फक्त एक पथ्य होतं. तुम्ही जे लिहिलं नाही, ते त्या यंत्रापुरतं जगात नाही. मुलांना मी हे शिकवताना म्हणायचे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पोरं हसायची. मीही हसायचे. म्हण किती फिट्ट बसली, म्हणून स्वतःवरच खूश असायचे.

मायला एकदा हे सगळं समजावून सांगितलं होतं. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "मंजे भाकर करायच्या आदी पीठ पायजे, पिठाच्या आदी जवारी पायजे, हे त्या डब्याला सांगावं लागतंय?"

"हो."

"आन तुमी त्याच्यासाठी चपला काढता?"

माय गावात एकटी राहायची. पेडगावच्या पुढं आत वळलं की आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धांची वस्ती. बाप मी लहान असतानाच गेला. अठ्ठ्याहत्तर साली नामांतरावरून मराठवाडा पेटला तेव्हा आमच्या वस्तीतली घरं जळाली. मी परभणीत बोर्डिंगात होते, मला दोन दिवसांनी कळलं. निम्मी वस्ती त्यानंतर उठून गेली, कुणी परभणीला, कुणी पुण्याला. मायनं त्याच जागेवर चार पत्रे उभे केले. मी नोकरीला लागल्यावर दरवर्षी एकदा तरी म्हणायचे, चल माझ्याकडं, खोलीत नळ आहे. तिचं उत्तर ठरलेलं. "मी गाव सोडनार न्हाई. गाव काय त्यांच्या बापाचं हाय व्हय? माजं बी हाय." मला याचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा, पण राग जास्त. एस.टी.नं जाऊन-येऊन माझे रविवार जायचे.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि फेब्रुवारीतच टँकर सुरू झाले. टँकर सोडणाऱ्या ऑफिसातले एक साहेब आमच्या प्राचार्यांच्या ओळखीचे. ते एक दिवस कॉलेजात आले आणि म्हणाले, तुमच्या मशीनचा आम्हाला काही उपयोग होतो का बघा. त्यांच्याकडं एका भागातली अकरा गावं होती आणि दोन टँकर. भरायची जागा एकच, तिथल्या पंपाची वीज ठरावीक वेळेलाच यायची. डिझेल मोजून. रस्ते असे की काही ठिकाणी टँकर भरलेला असला की चढायचाच नाही, आधी दुसरीकडं थोडा रिकामा करून मग जावं लागायचं. रोज दोन-तीन गावं कोरडी राहायची आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसपुढं मोर्चा.

मी ते ऐकलं आणि माझे डोळे चमकले असतील. हे माझंच कोडं होतं. नकाशे रंगवून आणि वेळापत्रकं लावून मी कंटाळले होते. इथं खरं पाणी होतं. शिवाय यादीत सातव्या नंबरला आमचं गाव. मनात म्हटलं, बघ माय, आता तुझ्या दारात पाणी मी आणते.

साहेबांनी एक रजिस्टर दिलं. आधीचे कारकून हातानं टँकरची आखणी करायचे. ते नुकतेच रिटायर होऊन राणीसावरगावला आपल्या घरी गेले होते. अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक गावापुढं टँकर किती वेळ थांबतो ते लिहिलेलं. मी तिथून सगळं उचललं. आत्ता काय आहे: टँकर डेपोत आहे, रिकामा आहे, अकराही गावांना पाणी नाही. काय करता येतं: भरणं, जाणं, ओतणं. ओतण्यासाठी काय लागतं: टँकर गावात असला पाहिजे, त्यात पाणी असलं पाहिजे. ओतल्यावर काय बदलतं: त्या गावाला पाणी आहे, टँकर तेवढा रिकामा आहे. शेवटी काय पाहिजे: अकरा गावांना पाणी. टँकर गावच्या विहिरीत सोडायचा आणि लोकांनी विहिरीतून शेंदून न्यायचं, ही आमच्या भागातली रीत. त्यामुळं गाव म्हणजे एक ठिकाण, ठिकाण म्हणजे विहीर. मी तसंच लिहिलं.

यंत्र दोन दिवस घुमत राहिलं. मध्ये वीज गेली की पहिल्यापासून. शेवटी कागदावर आलं, योजना नाही. मी आकडे तपासले. पुन्हा तेच. मग मी रजिस्टर घेऊन बसले, की वेळ कुठं खातोय. तर आमच्या गावापुढं पन्नास मिनिटं लिहिलेली. तेवढ्याच मोठ्या बाकीच्या गावांना तीस. साहेबांना विचारलं, इथं पन्नास कशाला? ते हसले. "ड्रायव्हरचं चहापाणी असेल मॅडम. हे लोक टँकर लावून पान खात बसतात." मलाही ते पटलं. मीच ना त्या गावची, मला माहीत होतं की विहिरीजवळ हॉटेल आहे. पन्नासाचे तीस केले. राणीसावरगावला त्या कारकुनांना एक कार्ड टाकून विचारावं, असं डोक्यात आलंसुद्धा नाही.

तीस केल्यावर त्याच दिवशी योजना निघाली. प्रिंटर करकर करत कागद बाहेर टाकायला लागला तेव्हा मी त्याच्यापुढं अनवाणी उभी होते. इतका आनंद मला एम.एस्सी.च्या निकालाला झाला नव्हता. प्रत्येक गाव, प्रत्येक वेळ, मिनिटासकट. साहेबांनी त्याच्या प्रती काढल्या, दोन्ही ड्रायव्हरांना दिल्या. प्रत्येक गावात विहिरीवर सरपंचाची किंवा ग्रामसेवकाची सही घ्यायची, वेळेसकट, उशीर झाला तर पगार कापू, असं बजावलं. आठ दिवसांत अकराच्या अकरा गावांना पाणी मिळायला लागलं. मोर्चे बंद झाले. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये माझं कौतुक केलं आणि पेढे मात्र मलाच वाटायला लावले.

एक रविवार मी गावी गेले. मायनं चहा ठेवला. मी विचारलं, "टँकर येतो का वेळेवर?"

"येतो की. घड्याळ लावून येतो."

"बघ. माझ्या मशीननं."

"हाव. समद्यांला सांगितलंय मी," ती म्हणाली आणि बशीत चहा ओतून दिला.

मी इकडंतिकडं बघितलंही नसेल. ड्रम भरलाय का रिकामा, हे बघायला उठून दोन पावलं जायचं होतं. ऊन लय होतं, शेवटची एस.टी. गाठायची होती. मी चहा पिऊन निघाले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, मी कॉम्प्युटरच्या खोलीत असताना, दारात एक म्हातारा माणूस येऊन उभा राहिला. पांढरी दाढी, डोक्याला रुमाल, चपला हातात. त्याला कुणीतरी सांगितलं असणार की आत जायचं तर काढाव्या लागतात. म्हणाला, "बाई, मी टँकरचा डायवर. तुमची वालिदा, अम्मा तुमची, सिविल दवाखान्यात हाय. मीच आनून सोडलं."

मी म्हटलं, "बसा चाचा." असं का म्हटलं माहीत नाही. बसायला तिथं एकच खुर्ची होती आणि तीवर मी बसले होते.

रिक्षात चाचांनी सगळं सांगितलं. रस्ताभर ते बोलत होते आणि मी पुढच्या आरशाला लटकवलेल्या निळ्या मण्यांकडं बघत होते. आमच्या वस्तीतला हातपंप दोन वर्षांपूर्वी आटला. विहिरीवर वस्तीतल्या बायांना दोर टाकू देत नाहीत. बाजूला उभं राहायचं, वरून कुणी ओतलं तर घ्यायचं. टँकर विहिरीत ओतला तरी तीच तऱ्हा. म्हणून चाचा गेली दोन वर्षं आधी टँकर वस्तीत न्यायचे, पाइप लावून ज्याचे त्याचे ड्रम भरून द्यायचे, आणि मग उरलेलं विहिरीत सोडायचे. वीस मिनिटं लागायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुठं लिहिलं नव्हतं. जुन्या कारकुनांना चाचांनी तोंडी सांगितलं होतं. त्यांनी काही न बोलता तिसाचे पन्नास केले होते.

"आन मग कागद आला," चाचा म्हणाले. "सातला सतरा मिन्टाला हीरीवर सही पायजे. वस्तीत गेलो तर वखत निघून जायलाय. दोन रोज गेलो, दोन्ही रोजाचा पगार काटला. मी तुमच्या वालिदाला बोल्लो, अम्मा, मी क्या करू, कागद हाय. त्या बोल्ल्या, कुनाचा कागद? मी बोल्लो, कालेजातल्या बाईचा."

"मग?"

"मग काय न्हाई. बोल्ल्या, ठीक हाय, तुमी जावा."

माय विहिरीवर उभी राहिली नव्हती. हात पुढं करून पाणी घेणार नाही, असं तिनं बायांना सांगितलं म्हणे. ओढ्याच्या कोरड्या वाळूत तिनं झिरा खांदला होता. खड्डा खणायचा, तळाला पाणी झिरपेपर्यंत थांबायचं आणि मग खाली उतरून वाटीनं हंडा भरायचा. एकेका हंड्याला दीड-दोन तास. महिनाभर तिनं हे केलं. पाणी खाली जाईल तसा झिरा खोल होत गेला, आणि त्या दिवशी ती आत असताना कड ढासळली. मांडीचं हाड मोडलं. वस्तीतल्या लोकांनी तिला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं तेव्हा समोरून टँकर आला. चाचांनी सातव्या गावाचं पाणी तिथंच रस्त्यात सोडून दिलं, मायला केबिनमध्ये आडवं केलं आणि सरळ परभणी गाठली. त्या दिवशी कागदावरच्या पाच गावांना पाणी मिळालं नाही.

मला काय वाटलं? काही वाटलं नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, खरंच वाटलं नाही. मी रडेन असं चाचांना वाटलं असावं, ते सारखे माझ्याकडं बघत होते. मी हिशेब करत होते. सात वाजून सतरा मिनिटं. ती सतरा मिनिटं मी छापली होती. त्या वस्तीत जन्मले, त्या विहिरीवर लहानपणी घागर घेऊन बाजूला उभी राहिले, आणि लिहिताना लिहिलं, गावाला पाणी. लोक म्हणतील, शिकून विसरली. तर तसं नाही. मी बारा वर्षं जीव तोडून ते विसरायचा प्रयत्न केला होता, आणि तो नेमका त्याच कागदावर यशस्वी झाला.

सिव्हिलमध्ये माय खाटेवर होती. पायाला वजन लटकवलेलं. मला बघून म्हणाली, "कालेज सोडून आलीस व्हय?"

"मला का नाही सांगितलंस? मी रविवारी आले होते की."

तिनं पांघरूण नीट केलं.

"माय, मी विचारतेय."

"काय सांगू? कागद तुजाच. आन मी समद्या वस्तीला सांगून बसले हुते, माज्या लेकीच्या मशीननं टँकर येतो म्हनून. बाया म्हनल्या, तुज्या लेकीनंच आपलं पानी तोडलं. मी म्हनलं, माजी लेक आसं करनार न्हाई, डायवरच लबाड हाय." मग हळूच म्हणाली, "चाचाला सांगू नगंस. लय भला मानूस हाय."

चाचा दाराजवळच उभे होते. त्यांनी ऐकलं. ते बाहेर गेले आणि चहा घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडं गेले. म्हटलं, चूक माझी आहे, दुरुस्त करायची आहे. आमच्या गावात दोनदा थांबावं लागेल, कारण वस्तीला विहिरीतून पाणी भरता येत नाही. हे मला यंत्राला सांगावं लागेल आणि तुमच्या फॉर्मवरही घालावं लागेल.

साहेब खुर्चीत सरळ झाले. "मॅडम, असं लेखी देऊ नका."

"का?"

"उद्या वरून कुणी विचारलं तर? कायद्यानं हे बंद झालेलं आहे. आपल्याकडं असं काही नाही."

"मग माझी माय झिऱ्यात हौसेनं उतरली होती का?"

माझा आवाज चढला तसा शिपाई आत डोकावला. साहेब वाईट माणूस नव्हते, हेही सांगायला पाहिजे. त्यांनी शिपायाला बाहेर काढलं, मला पाणी दिलं आणि जरा विचार करून म्हणाले, "कारण कशाला लिहायचं? तुमची वस्ती वेगळं गाव म्हणून टाका. बारावा नंबर. पाणी मिळाल्याशी मतलब."

मी म्हटलं, बरं. भांडायला पाहिजे होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मायच्या ड्रममध्ये पाणी नव्हतं, तसंच वस्तीतल्या आणखी वीस घरांच्या ड्रममध्ये नव्हतं, आणि मी आतून इतकी सुन्न झाले होते की कुणी सोपी वाट दाखवली की त्या वाटेनं चालायला लागायचे.

यंत्राचं काम मात्र सोपं निघालं. बारा गावं. बाराव्यापासून सातव्याचं अंतर, एक फर्लांग. शेवटी काय पाहिजे: बारा गावांना पाणी. पहिल्यांदा कागद आला, योजना नाही. वीस मिनिटं परत आली होती ना. मी डोकं धरून बसले असताना चाचा आले, मायची खबर घ्यायला. ते रोज यायचे. मी त्यांना कागद दाखवला, तर म्हणाले, "टँकर सकाळी रिकामा कायको लिवला बाई? मी सांजच्यालाच भरून ठेवतो. सकाळच्या लाइटीचा काय भरोसा?" हेही कुठं लिहिलेलं नव्हतं. मी पहिली ओळ बदलली: टँकर डेपोत आहे, भरलेला आहे. तासाभरात योजना निघाली. पहिलं ठिकाण, गाव क्रमांक बारा. या वेळी मी प्रिंटरजवळ उभी राहिले नाही. कागद आपोआप खाली पडला, तो उचलला आणि ऑफिसात नेऊन दिला.

साहेबांच्या फॉर्मवर बारावं गाव चढलं. टँकर आता आधी वस्तीत जायला लागला. कागदावरच होतं, त्यामुळं कुणाला काही म्हणता येईना. माझा प्रबंध त्याच वर्षी पुरा झाला. त्यात हा प्रश्न एक उदाहरण म्हणून आहे, बारा गावं आणि दोन टँकर. मौखिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, छान मांडलंय, किती सुटसुटीत. मी थँक्यू म्हटलं.

मायला मी माझ्या खोलीवर आणलं. कमरेपासून प्लास्टर. डॉक्टर म्हणाले होते, दिवाळीपर्यंत उठेल, काठी घेऊन चालेल, काळजीचं कारण नाही. ती रोज सकाळी न चुकता विचारायची, "मला कवा सोडतीस गावाला?" मी म्हणायचे, दिवाळीला. ती म्हणायची, "तवर माजे पत्रे कुनी उचलून नेऊ नयेत म्हंजी झालं." शेजारणीनं विचारलं की आता लेकीकडंच राहणार ना, तर तिचं ठरलेलं, "छ्या! गाव सोडलं न्हाई म्या कवा. घर जळाल्यावर सोडलं न्हाई, आता सोडते व्हय!" त्या शेजारणीला हे दिवसातून दोनदा ऐकावं लागायचं. माय खोलीत परक्यासारखीच राहिली. पिशवी खाटेच्या उशाशी, भरलेली.

ज्येष्ठात आमच्या वस्तीतली एक बाई तिला बघायला आली. मायच्याच वयाची, दोघी एकत्र निंदायला जायच्या. येताना कांदे घेऊन आली. म्हणाली, "आता टँकर आदी आपल्याकडंच येयलाय बग. गावातले लोक बगत ऱ्हात्यात. डायवरच्या कागदावर आपलं येगळंच लिवलंय म्हनं. तुज्या लेकीनं केलं." माझ्याकडं बघून तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मी आत जाऊन चहा ठेवला.

ती गेल्यावर मायनं मला खाटेजवळ बोलावलं. मग म्हणाली, "काय लिवलंस तू?"

"कुठं?"

"कागदावर. आपल्या वस्तीचं."

मी सांगितलं. तिच्याशी खोटं बोलायचं त्राण माझ्यात नव्हतं. म्हटलं, गावाचा नंबर सात. वस्तीचा बारा. वेगळं गाव म्हणून टाकलं. नाहीतर साहेब टाकू देईनात.

"मंजे आपन त्या गावात न्हाई."

"कागदापुरतं, माय."

"सरकारी कागद हाय ना?"

"हो."

"आन लिवलं तू."

"हो. मीच लिहिलं."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. मग भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "चौदा वर्सं झाली. त्या लोकांच्या तोंडावर म्हनत आले, हे माजं गाव हाय, मी न्हाई सोडनार. त्यांच्यातल्या एकाला बी, हे तुजं न्हाई, आसं म्हनता आलं न्हाई."

मी तिच्या पायथ्याशी बसून राहिले. तिचा हात धरावा असं वाटत होतं, पण हात उचललाच जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाट बघितली. ती चहा प्याली, दशमी खाल्ली, नळाला पाणी आलं का विचारलं. बाकी काही विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी प्लास्टर निघालं. काठी घेऊन ती अंगणात चालायला लागली, पुढं रस्त्यापर्यंत जायला लागली. एकदा चाचा येऊन म्हणाले, "चला अम्मा, मी सोडतो गावाला." माय म्हणाली, "कोन्च्या?" आणि परत येऊन खाटेवर बसली. त्यानंतर अकरा वर्षं ती माझ्याजवळ राहिली. मला गावाला सोड, असं ती पुन्हा कधीच म्हणाली नाही.